मोकळ्या भूखंडांवरचे गाजरगवत आणि नोटिशीला लागणारा वेळ

कोरांटी

आमच्या घराच्या पूर्वेकडच्या कुंपणाला लागून साडेचार गुंठ्यांचा एक मोकळा भूखंड आहे. त्याचे मालक परगावी असतात आणि गेल्या अकरा वर्षांत आम्ही त्यांना एकदाही पाहिलेले नाही. दर पावसाळ्यात या भूखंडावर गाजरगवत माजते. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात, आमच्या आजोळी त्याला चटकचांदणी म्हणत. ते काढून घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामाच्या पद्धतीविषयी मला येथे लिहायचे आहे. शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण इतर ठिकाणच्या परिचितांशी बोलले तेव्हा थोड्याफार फरकाने सर्वांचा अनुभव सारखाच निघाला.

वडिलांचे वय ७४. सकाळी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्यांच्या पापण्या सुजू लागल्या. मग मानेची घडी, कोपराची आतली बाजू आणि कानामागची त्वचा लाल होऊन जाड व खरखरीत झाली. सदऱ्याखालची पाठ मात्र अगदी स्वच्छ होती. त्वचारोगतज्ज्ञांनी नेमकी हीच खूण हेरली. उघडे अंग पेटते आणि झाकलेले अंग वाचते, म्हणजे त्रास हवेतून येतो आहे, असे त्यांनी सांगितले. पाठीवर चिकटवलेल्या तपासणीच्या पट्ट्या दोन दिवसांनी काढल्या, तेव्हा गाजरगवताच्या अर्काच्या पट्टीखाली लालभडक ठसा उमटलेला होता. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते आणि वाळलेल्या झाडाच्या बारीक कणांबरोबर ते हवेत पसरते. शेवंती याच वनस्पतीच्या कुळातली असल्यामुळे पूजेची शेवंतीही आता वडिलांना हाताळता येत नाही. ओसरीवर बसणे तर जुलै ते डिसेंबर पूर्ण बंद झाले आहे.

आता गेल्या वर्षीचा घटनाक्रम सांगते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि महिनाअखेरीस जमिनीला चिकटलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने दिसू लागली. मी २ जुलै रोजी क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. त्या दिवशी ती रोपे वीतभरही नव्हती. दोन बायकांनी खुरपे घेतले असते, तर एका सकाळीत भूखंड मोकळा झाला असता. आरोग्य निरीक्षक २४ जुलै रोजी पाहणीस आले. तोपर्यंत रोपे गुडघ्यापर्यंत पोचली होती आणि शेंड्यांवर पांढऱ्या कळ्या दिसत होत्या. मालकाच्या नावे पंधरा दिवसांची नोटीस निघाली, ती पत्ता न सापडल्याने परत आली. मग भूखंडावर नोटीस डकवून पंचनामा झाला. ब्रश कटर घेऊन माणसे आली ती २६ सप्टेंबर रोजी. छातीइतके, फुलून पांढरे झालेले, बी धरलेले गवत त्यांनी दोन तासांत कापले. यंत्राच्या पात्याने उडालेला चुरा आमच्या ओसरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि शेजारच्या अंगणवाडीच्या आवारात पडला. मुळे जमिनीतच राहिली होती. दसऱ्याच्या सुमारास त्याच बुडख्यांना फुटवे आले आणि दिवाळीत ते पुन्हा फुलले. तक्रारीवर मात्र "कार्यवाही पूर्ण" असा शेरा आहे.

त्या शेऱ्यात खोटे काही नाही, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे केले. मात्र गाजरगवत उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते आणि तक्रार, पाहणी, नोटीस, मुदत, पंचनामा, कापणी ही साखळी पूर्ण व्हायला जवळजवळ तीन महिने लागले. कायदा हातात असूनही ज्या काळात तो उपयोगी पडला असता तो काळ कागदपत्रांत निघून जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. यातून मार्ग काढलेले एखादे गाव, प्रभाग किंवा गृहसंस्था कुणाला माहीत असल्यास कृपया तपशिलाने लिहावे.

ताम्हण

मी एका महानगरपालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि अशा किती नोटिसा माझ्या सहीने निघाल्या याची गणती नाही. आपण लिहिलेला क्रम अचूक आहे. आतली बाजू माहीत असावी म्हणून लिहितो.

कायद्याचा अधिकार जुना आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातच, रान माजून आरोग्यास अपायकारक झालेली खासगी जागा साफ करण्याची नोटीस मालकास किंवा भोगवटादारास देण्याची तरतूद आहे. इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा. तत्त्व सगळीकडे एकच आहे. आधी मालकाला सांगायचे, त्याने केले नाही तर संस्थेने करायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. हे न्याय्यही आहे, कारण दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्यापूर्वी त्याला सांगणे आवश्यकच असते.

अडचण मालक सापडण्यात आहे. मूळ मालक वारलेला असतो, वारसांची नोंद झालेली नसते, भावाभावांत दावा चालू असतो, किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेला भूखंड दोन हात फिरून तिसऱ्याकडे गेलेला असतो आणि मालमत्ता पत्रकावर पहिल्याचेच नाव असते. निरीक्षकाकडे या शोधासाठी वेगळा माणूस नसतो. पावसाळ्यात त्याच निरीक्षकाला डासांच्या अळ्यांची तपासणी, साथीच्या रुग्णांची घरे आणि तुंबलेली गटारे यांच्यामागे धावायचे असते. डेंग्यूचा रुग्ण आणि माजलेला भूखंड एकाच दिवशी समोर आले, तर मी डेंग्यूकडे गेलो आणि आजही तेच करीन.

ब्रश कटरविषयी आपण लिहिलेले वाचून मला वाईट वाटले, कारण ती चूक माझ्या हातून वर्षानुवर्षे झाली. मी पाहिलेल्या ठेक्यांत मोबदला चौरस मीटरवर ठरलेला असे आणि कामाचा पुरावा म्हणजे आधीचे व नंतरचे छायाचित्र. कापलेला भूखंड छायाचित्रात उपटलेल्या भूखंडाइतकाच स्वच्छ दिसतो. उपटण्याला चौपट वेळ लागतो, हातमोजे लागतात, गोळा केलेला माल उचलावा लागतो आणि दर मात्र तोच मिळतो. अशा अटींवर कोणता ठेकेदार उपटून घेईल? निविदेत "मुळासकट" आणि "फुलोऱ्यापूर्वी" असे दोन शब्द घातले असते, तर काम बदलले असते. ते शब्द घालण्याचे मला त्या वेळी सुचले नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. पैसे नाहीत, मनुष्यबळ नाही असे उत्तर कार्यालयातून मिळाले, तर नागरिकांनी ते अंतिम मानू नये. रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, निधीच्या अभावाचे कारण देऊन नगरपालिकेला सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही. तो खटला उघड्या गटारांचा आणि दुर्गंधीचा होता, गवताचा नव्हता. परंतु त्यामागचे तत्त्व स्थानिक संस्थेच्या सर्व आरोग्यविषयक कर्तव्यांना लागू पडते, असे मी मानतो. ती कारवाई दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली झाली होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ त्या जागी आहे आणि त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र हा मार्गही वेळखाऊ आहे आणि एका भूखंडासाठी तो वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

पानोपानी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. नियम वनस्पतीच्या स्वभावाला धरून असावा, हे कोरांटीताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. म्हणून तो स्वभाव थोडा अधिक सांगतो.

भारतात या गवताच्या प्रसाराची सुरुवातीची नोंद पुण्याची आहे. १९५५ च्या सुमारास ते तेथे कचऱ्याच्या ढिगांवर आढळले आणि १९५६ मध्ये त्याविषयी लिहिले गेले. अमेरिकेतून पीएल-४८० या अन्नधान्य मदत योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण भारताचा त्या योजनेखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे आणि एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिसंग्रहांतही याचे भारतातील नमुने असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे सगळा दोष त्या गव्हावर टाकणे बरोबर नाही. आयात धान्याने प्रसाराला हातभार लागला असणे मात्र शक्य आहे.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. त्या अतिशय हलक्या असतात आणि वारा, वाहते पाणी, वाहनांची चाके, बुटांचा चिखल, राडारोडा यांबरोबर पसरतात. जमिनीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणजे एका वर्षी फुलू दिलेल्या भूखंडाची किंमत पुढची अनेक वर्षे मोजावी लागते. ओल असेल तर हे झाड वर्षात एकाहून अधिक पिढ्या पूर्ण करते, त्यामुळे "पावसाळ्यानंतर एकदा साफसफाई" या पद्धतीने ते कधीच हटणार नाही. रोप जमिनीला चिकटलेल्या चक्राकार पानांच्या अवस्थेत असताना, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हा शहरी भूखंडांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय आहे. फुलोऱ्यापूर्वी उपटलेली रोपे शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवून त्यांचे चांगले खत होते. बी धरल्यावर तेच खत धोक्याचे ठरते.

शेजारच्या कर्नाटकाने १९७५ मध्येच तिथल्या कृषी कीड व रोग कायद्याखाली गाजरगवताला घातक तण म्हणून अधिसूचित केले. तरीही आज कर्नाटकात ते सर्वत्र दिसते. नुसत्या अधिसूचनेने काय साधते आणि काय साधत नाही, याचे हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे.

तणनाशकाबद्दल कुणी सुचवण्याआधीच लिहितो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावी, असा आदेश काढला. वस्तीतल्या भूखंडावर, अंगणवाडीला लागून, कुणीही पाठीवर पंप अडकवून फवारणी करावी हे योग्य नाही. मिठाचे तीव्र द्रावण फवारल्याने रोपे जळतात हे खरे आहे, पण वारंवार केल्यास ती माती पुढे कशालाच उपयोगाची राहत नाही.

बांधावरून

शहरात निदान तक्रार घेणारे कार्यालय आहे. आमच्याकडे गाजरगवत येते ते रस्त्याने. गेल्या पाच वर्षांत आमच्या पाणंद रस्त्याचे दोनदा मुरमीकरण झाले आणि दोन्ही वेळा पहिल्या पावसात रस्त्याच्या दोन्ही कडांना हे गवत असे रांगेत उगवले की जणू कुणी पाभरीने पेरले असावे. त्याआधी माझ्या बांधावर ते नव्हते. रस्त्याची कड ग्रामपंचायतीची की बांधकाम खात्याची, याचा निर्णय होत नाही. तोवर बी माझ्या सोयाबीनमध्ये येते आणि खुरपणीची मजुरी मी भरतो. खुरपणीला येणाऱ्या बायका आता गाजरगवत असलेल्या रानाची जादा मजुरी मागतात आणि ती मागणी रास्त आहे, कारण त्यांच्या हातांना चरे पडतात आणि रात्रभर खाज सुटते. जनावर सहसा याला तोंड लावत नाही. चाऱ्यातून पोटात गेले तर दूध कडवट लागते आणि डेअरीवर ते परत येते.

माझी मागणी एवढीच आहे की मुरूम, माती आणि खडी कुठून आणली याची तपासणी व्हावी. ज्या खाणीच्या तोंडाशी गाजरगवत माजले आहे, तेथला मुरूम सार्वजनिक रस्त्यावर टाकू नये. उपटण्याबद्दल सगळे बोलतात, पण ते येते कुठून याकडे कुणी पाहत नाही.

ब्रिस्बेनकर

बांधावरून यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला आणि सतरा वर्षांपासून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात राहतो. कामानिमित्त मला ग्रामीण भागात बरेच फिरावे लागते. आपण मागत आहात ती व्यवस्था येथे प्रत्यक्षात आहे, कारण हेच गवत येथेही आहे. योगायोग असा की येथेही ते प्रथम १९५५ मध्येच, टूगूलावा या गावाजवळ सापडले. नंतर १९६० मध्ये क्लेरमाँटच्या परिसरात टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्याबरोबर ते पुन्हा आले आणि खरा प्रसार तेथून झाला.

येथे २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली गाजरगवत हे प्रतिबंधित तण आहे. ते विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, मोकळ्यावर टाकता येत नाही. त्याच कायद्याने प्रत्येक व्यक्तीवर सर्वसाधारण जैवसुरक्षेचे कर्तव्य टाकले आहे. आपल्या जमिनीवर किंवा आपल्या कामामुळे धोका निर्माण होत असेल, तर तो कमी करण्यासाठी वाजवी उपाय करणे हे त्या माणसाचेच काम ठरते, त्यासाठी आधी नोटीस यावी लागत नाही. माझ्या मते कोरांटी यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. नोटीस मागाहून येते, कर्तव्य मात्र आधीपासून लागू असते. स्थानिक परिषदेला आपल्या क्षेत्रासाठी जैवसुरक्षा आराखडा करावा लागतो. मालकाने आदेश पाळला नाही, तर परिषदेला काम करून घेऊन खर्च वसूल करता येतो.

मुरुमाबद्दल सांगायचे तर येथे गाड्या धुण्यासाठी सार्वजनिक धुलाईस्थाने बांधलेली आहेत. गवत असलेल्या भागातून बाहेर पडताना ट्रॅक्टर, कापणीयंत्रे, मालवाहू गाड्या त्यांवर धुतल्या जातात. मी स्वतः गाडीखालचा चिखल पाण्याच्या झोताने काढताना पाहिले आहे की त्या चिखलात काडीकचरा आणि बिया किती अडकलेल्या असतात. चारा, माती, यंत्रे यांची देवघेव होताना विकणाऱ्याने तणाच्या बियांविषयी लेखी निवेदन देण्याची पद्धतही येथे रूढ आहे. एवढे करूनही मध्य क्वीन्सलँडमधून हे गवत गेलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्या जागी पोचण्याचा त्याचा वेग मात्र रोखता येतो.

आघाडा

या चर्चेत मला एक काळजी व्यक्त करायची आहे. "माजलेले गवत काढा" असा आदेश निघाला की काढणारा माणूस गाजरगवत आणि इतर वनस्पती यांत फरक करत नाही. आमच्या सोसायटीमागे असाच एक भूखंड आहे. श्रावणात तेथे टाकळा, कुर्डू, केना, माका, आघाडा आणि भरपूर दुर्वा असतात. गणपतीच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या बायका पत्री तेथूनच आणतात. टाकळ्याची कोवळी पाने आमच्या घरी दरवर्षी भाजीला असतात आणि त्याच टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. गवताचे बी खायला मुनियांचे थवे येतात. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तक्रारीवरून तो भूखंड खरडून काढला. यंत्राने माती उघडी पडली आणि पुढच्या पावसाळ्यात, जेथे आधी गाजरगवताची दहा-बारा झाडे होती, तेथे त्याचे शेत झाले.

म्हणून नियम करायचा असेल, तर तो वनस्पतीचे नाव घेऊन करावा. उंचीवरून, "झाडोरा" म्हणून किंवा अस्वच्छ दिसते म्हणून केलेला नियम उपकारक वनस्पतींवरच आधी चालतो.

पानोपानी

आघाडा यांचे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. गाजरगवताला उघडी, ढवळलेली माती लागते. दाट वाढलेल्या इतर वनस्पतींत ते मागे पडते. टाकळ्याच्या गोतातील काही जाती गाजरगवताला हटवून त्याची जागा घेतात, हे कर्नाटकात धारवाडच्या परिसरात आणि महाराष्ट्रातही पाहिले गेले आहे. उपटल्यानंतर त्या जागी टाकळ्याचे बी विस्कटणे हा जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे. पावसाळा संपल्यावर वाळलेल्या शेंगांतून बी सहज जमवता येते.

मेक्सिकन भुंग्याचा उल्लेखही येथे केला पाहिजे. पांढुरक्या पाठीवर गडद तपकिरी रेघा असलेला हा छोटा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षापासून सोडण्यात आला. तो पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातो आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत सुप्त राहतो. मधल्या काळात तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा वाद झाला होता, पण पुढील अभ्यासानंतर त्याचा वापर पुन्हा सुरू झाला. भर वस्तीत केवळ त्याच्यावर विसंबता येणार नाही, कारण तो दिसू लागतो तोपर्यंत पहिला फुलोरा येऊन गेलेला असतो. डोंगरउतार, गायरान, रेल्वेच्या कडा अशा, माणसाने उपटून न संपणाऱ्या जागांसाठी तो योग्य आहे.

उत्तररेषा

उंचीच्या नियमाबद्दल आघाडा यांनी लिहिले, त्यास अमेरिकेतील अनुभवाची जोड देते. मी मिनेसोटात राहते. येथील बहुतेक शहरांत हिरवळीच्या उंचीला मर्यादा असते. मिनिआपोलिसमध्ये ती आठ इंच आहे. त्याहून गवत वाढले, तर शहराकडून पत्र येते आणि काढले नाही तर शहर कापून घेऊन बिल पाठवते. अंमलबजावणी तत्पर असते, कारण उंची मोजायला फूटपट्टी पुरते. परंतु त्यामुळे ज्यांनी मधमाश्यांसाठी स्थानिक प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानातली, फुलझाडे लावली, त्यांनाही अशीच पत्रे येत असत.

२०२३ मध्ये राज्याने कायदा करून हे बदलले. आता जाणीवपूर्वक लावलेली आणि निगा राखलेली नैसर्गिक बाग आठ इंचांपेक्षा उंच वाढली, बी धरले, तरी शहराला ती मनाई करता येत नाही. मात्र त्या बागेत घातक म्हणून यादीत असलेले एकही तण असता कामा नये. कसोटी उंचीवरून वनस्पतीच्या जातीवर आणि निगेवर आली. मोजणे अवघड झाले हे खरे आहे, कारण निरीक्षकाला आता झाडे ओळखता यावी लागतात. आपल्याकडे तर एकच झाड ओळखायचे आहे आणि ते शाळेतल्या मुलालाही ओळखता येते.

जास्वंद

आमच्या गृहसंस्थेने तीन वर्षे जे केले ते थोडक्यात लिहिते. आम्ही तक्रार पावसाळ्यानंतर देण्याऐवजी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देऊ लागलो. भूखंडावर त्या वेळी काहीच उगवलेले नसते. म्हणून अर्जासोबत मागील वर्षीची तारीखवार छायाचित्रे, मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि खुल्या जागेच्या कराच्या नोंदीवरचा मालकाचा पत्ता जोडला. पहिल्या वर्षी "सध्या गवत नाही" म्हणून अर्ज निकाली निघाला. दुसऱ्या वर्षी आरोग्य विभागातील एका अधिकारी बाईंनी तो समजून घेतला आणि मालकाला जूनच्या आतच पत्र गेले. मालक पुण्याला होते. त्यांनी उलट फोन करून विचारले की तुम्हीच माणसे लावून उपटून घ्याल का, खर्च मी देतो. त्यांना भूखंडाची ही अवस्था माहीतच नव्हती. जून अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यावर असे दोनदा उपटावे लागले. तिसऱ्या वर्षी एकदाच पुरले. उपटणाऱ्या महिलांना आम्ही रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि नाकातोंडाला रुमाल देतो. ज्यांना आधीपासून त्वचेचा त्रास आहे, त्यांना या कामाला बोलावत नाही.

ताम्हण

जास्वंद यांनी दिलेला मार्ग कायद्यात पूर्णपणे बसतो. प्रत्येक प्रभागात दरवर्षी तेच वीस-पंचवीस भूखंड माजतात आणि मुकादमाला ते तोंडपाठ असतात. उन्हाळ्यात, जेव्हा निरीक्षकाला तुलनेने सवड असते, तेव्हा या भूखंडांच्या मालकांचे पत्ते शोधून ठेवावेत आणि पहिल्या पावसाआधी पत्रे पाठवावीत. मालक सापडला नाही, तर जागेवर नोटीस डकवण्याचे कामही मे महिन्यात उरकावे, म्हणजे जूनअखेर माणसे आत पाठवायला अडथळा राहत नाही. यासाठी नवा कायदा, नवे पद, जादा निधी यांपैकी काहीच लागत नाही. माझ्या नोकरीच्या काळात आम्ही नालेसफाईचे वेळापत्रक पावसावरून ठरवत असू. गवताचे वेळापत्रक मात्र तक्रारीवरून ठरत असे.

कोरांटीताई, आपल्या शहरात ठेक्याची निविदा साधारण केव्हा निघते ते माहितीच्या अधिकारात विचारून घ्या आणि मागील वर्षीच्या कामाच्या अटींची प्रतही मागा. अटींत मुळासकट काढणे, फुलोऱ्यापूर्वीची तारीख, काढलेला माल त्याच दिवशी उचलणे आणि तीन आठवड्यांनी फेरपाहणी या गोष्टी नसतील, तर तेवढ्याच सुचवाव्यात. मोठे निवेदन वाचले जात नाही. एका पानाचे आणि अटींच्या भाषेत लिहिलेले असेल, तर कारकून ते थेट टिपणीत घेतो.

कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. ब्रिस्बेनकर आणि जास्वंद यांच्या प्रतिसादांमुळे माझ्या विचारातली एक चूक लक्षात आली. मी मालकाला गृहीतच धरले नव्हते. अकरा वर्षांत त्यांना एकही पत्र लिहिले नाही, सगळा राग कार्यालयावर काढला. काल नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मालमत्ता पत्रकाचा उतारा मागितला आहे.

आघाडा यांच्या प्रतिसादानंतर आज सकाळी भूखंडाच्या कडेने चालत जाऊन नीट पाहिले. आमच्या कुंपणाजवळच्या भागात, जेथे गेल्या वर्षी यंत्र पोचले नव्हते, तेथे टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगांची चांगली दाट पट्टी आहे आणि तिच्यात गाजरगवताची वाळकी काटकी जवळजवळ नाही. मधल्या, खरडलेल्या भागात मात्र दुसरे काहीच नाही. एक पिशवीभर शेंगा मी तोडून आणल्या. वडील खिडकीतून पाहत होते. त्यांनी त्या घरातच वर्तमानपत्रावर पसरल्या आणि दुपारभर बसून बी काढले. टाकळ्याचा त्यांना त्रास होत नाही ना, हे मी आधी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतले होते.

पानोपानी सर, हे बी नुसते विस्कटावे, की आधी रात्रभर पाण्यात भिजवावे?

पानोपानी

टाकळ्याच्या बियांचे कवच कठीण असते, त्यामुळे नुसते भिजवून फारसा उपयोग होत नाही. मूठभर बी जाड वाळूबरोबर गोणपाटात घालून थोडे चोळावे, म्हणजे कवचावर ओरखडे पडतील. ते पहिल्या चांगल्या पावसानंतर, गाजरगवताची पहिली रोपे उपटून झाल्यावर, त्याच ओल्या मातीत विस्कटावे. उरलेले बी तसेच न चोळता टाकावे. ते पुढच्या वर्षी उगवेल. मालकांची परवानगी मात्र आधी घ्यावी.